‘दुसऱ्या’ सापडेना: मराठी शब्दांसाठी झाड बांधताना

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाला मी पुस्तकं शोधायचा छोटा प्रोग्रॅम करून दिला होता. अक्षरं टाइप करत जावं तशी खाली पुस्तकांची यादी उमटत जायची. पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालबाईंचा फोन आला. एक आजोबा दुसऱ्या महायुद्धावरचं पुस्तक शोधत होते. ‘दुसऱ्या’ टाइप केलं की यादी रिकामी. बाईंनी कपाटातून पुस्तक काढून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते म्हणाले, “अहो, पुस्तक माझ्या हातात आहे आणि तुमचं मशीन म्हणतंय, नाही.”

त्या एका शब्दाचा माग काढताना प्रोग्रॅमच्या आतलं झाड, म्हणजे फांद्याफांद्यांनी शब्द साठवायची रचना, मला मुळापासून पुन्हा बांधावं लागलं. स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांच्या माळा, साठवायला कुठलं झाड चांगलं, यावर वाचायला पुष्कळ मिळतं. पण त्यातली बहुतेक उदाहरणं सव्वीस अक्षरांच्या लिपीची असतात. मराठी शब्द झाडात घालताना पहिला प्रश्न निराळाच असतो: झाडाच्या एका पायरीवर नेमकं काय ठेवायचं? बाइट (० ते २५५ मधला एक आकडा मावेल एवढी साठवण), युनिकोडचं चिन्ह (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना नंबर देणारी यादी), की डोळ्यांना दिसतं ते अख्खं अक्षर? याचं उत्तर नीट दिलं नाही, तर पुढे कितीही हुशार झाड निवडलं तरी आजोबांना पुस्तक मिळत नाही.

पहिलं झाड

पहिल्या खेपेला मी साधा ट्राय लिहिला होता. ही कल्पना रेने द ला ब्रियांदे यांनी १९५९ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी एडवर्ड फ्रेडकिन यांनी तिला ‘रिट्रीव्हल’ या शब्दातून ‘ट्राय’ हे नाव दिलं. यात शब्द एका जागी अख्खा ठेवलेला नसतो. मुळापासून एकेक अक्षर घेत खाली उतरायचं आणि उतरलेली वाट हाच शब्द. ज्या शब्दांची सुरुवात सारखी, त्यांची वाटही तितकी सारखी. वाटेवरच्या प्रत्येक थांब्याला नोड म्हणतात. म्हणून ‘कम’ एवढंच टाइप झालं की त्या नोडपाशी थांबायचं. त्याच्याखाली जे जे लोंबतंय ते सगळं उत्तर.

आठ शब्द घेऊ: कमळ, कमल, कमान, कमाल, कमी, करवत, करवंद, करंजी. युनिकोडची चिन्हं मोजली तर ती ३१ भरतात. काना, वेलांटी, अनुस्वार यांचं प्रत्येकी एक चिन्ह धरून. एका पायरीला एक चिन्ह असा ट्राय केला, तर सामाईक वाटा एकदाच मोजल्या जातात आणि मूळ धरून फक्त १७ नोड लागतात.

मी मात्र पायरीला बाइट ठेवला होता, कारण पुस्तकात तसंच असतं आणि कोडही सरळ येतं. यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहायची पद्धत. मराठीला लागणारं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेतं. पहिला बाइट कायम २२४. दुसरा १६४ किंवा १६५. खरी माहिती जवळजवळ सगळी तिसऱ्या बाइटात. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे एक पायरी अशी, जिथे वळायला दुसरी वाटच नाही, आणि दुसरी अशी, जिथे फार तर दोन वाटा आहेत. हेच आठ शब्द बाइटनं घातले की ३६ नोड होतात. प्रत्येक नोडमध्ये २५६ पॉइंटरांची, म्हणजे पुढच्या नोडच्या पत्त्यांची, ओळ, एक पॉइंटर ८ बाइटचा, म्हणजे नोडमागे २,०४८ बाइट. आठ शब्दांचा मूळ मजकूर ९३ बाइट, आणि त्याचं झाड ७३,७२८ बाइटचं!

वाचनालयाच्या यादीत पुस्तकांची नावं, लेखक आणि विषय मिळून सुटे शब्द चाळीस हजारांच्या आसपास होते. शब्दामागे फक्त दहा नवे नोड धरले तरी हिशेब आठशे एमबीच्या घरात जातो. काउंटरवरचा संगणक जुना, त्यात इतर कामंही त्याच्याच डोक्यावर. तो रखडायचा हे मला आधीपासून दिसत होतं आणि मी त्याचं खापर मशीनवर फोडत होतो. हा दोष माझ्या झाडाचा होता.

चाळीतली १२८ घरं

‘दुसऱ्या’कडे येतो. युनिकोडमधला देवनागरीचा मुख्य गट म्हणजे १२८ घरांची एक चाळ आहे असं समजा. घरांचे नंबर शून्यापासून. र ४८ नंबरच्या घरात, ऱ शेजारी ४९ मध्ये. आजोबांनी टाइप केलेला शब्द असा होता: द, उकार, स, ऱ, पाय मोडायची खूण, य, काना. पडद्यावर अक्षरं तीन, आत चिन्हं सात, बाइट एकवीस.

यादीतला ‘दुसऱ्या’ दिसायला अगदी तसाच. पण तो बऱ्याच वर्षांपूर्वी जुन्या फाँटमध्ये टाइप झाला होता आणि नंतर कुणीतरी कन्व्हर्टर चालवून युनिकोडमध्ये आणला होता. त्या कन्व्हर्टरनं ४९ नंबरचा ऱ वापरलाच नव्हता. त्यानं साधा र घेऊन त्याचा पाय मोडला होता आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घातलं होतं. त्या चिन्हाला झेड-डब्ल्यू-जे म्हणतात आणि ते चाळीच्या बाहेर, भलत्याच गटात राहतं. एकूण चिन्हं आठ, बाइट चोवीस. पडद्यावर दोन्ही शब्द जुळे, झाडात मात्र ‘दुस’नंतर त्यांच्या वाटा फुटलेल्या. झाडाच्या दृष्टीनं यादीत तो शब्द नव्हताच.

एकदा शोधायला बसल्यावर असं बरंच सापडत गेलं. ॲ हे अक्षर चाळीत ११४ नंबरच्या घरात आहे, पण ते तिथे राहायला आलं २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात लोकांनी अ टाइप करून त्यावर अर्धचंद्र दिला. काही कीबोर्डांनी दोहोंच्या मध्ये पुन्हा ते न दिसणारं चिन्ह कोंबलं. शिवाय ए वर चंद्र असलेला हिंदी वळणाचा ऍ आहेच. म्हणजे ‘ॲसिड’चे चार ‘ॲसिड’. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत, इथे अर्धीच मदत करतं. र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ होतो. पण झेड-डब्ल्यू-जे जागेवर राहतं आणि अ अधिक चंद्र याचा ॲ होत नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून झाडाच्या आधी एक गाळणी बसवली. शब्द झाडात घालताना आणि शोधताना, दोन्ही वेळा तो त्याच गाळणीतून जातो. न दिसणारी चिन्हं गळतात, ॲची सगळी रूपं एका ॲवर येतात, ॐचं ‘ओम’ होतं, अवग्रह जातो. अंकांचे शब्द, जसं ‘१८५७’, झाडात न घालता वेगळ्या छोट्या तक्त्यात टाकले.

ऱचं काय करायचं यावर मी दोन दिवस घालवले. लोक ‘दुसऱ्या’ लिहितात तसं ‘दुसर्या’ही लिहितात, कारण फोनवर ऱ कुठे आहे ते अनेकांना माहीत नसतं. त्यांनाही पुस्तक मिळायला हवं, म्हणून गाळणीत ऱचा र करणं भाग होतं. पण मग दर्या आणि दऱ्या एकाच नोडवर येतात. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या! आचार्य आणि आचारी यांचीही गाठ पडते: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. माझ्या मते शोधताना हे चालतं, फक्त मूळ रूप हरवता कामा नये. त्यामुळे वाट र ची, पण वाटेच्या शेवटी मूळ लिहिलेले शब्द जसेच्या तसे ठेवलेले. टाइप केलेल्याशी हुबेहूब जुळणारा शब्द वर येतो, दुसरा त्याच्याखाली.

पायरीवर काय ठेवायचं

बाइट तर बाद झाला. दुसरं टोक म्हणजे पायरीला काना-मात्रेसकट अख्खं अक्षर ठेवायचं: ‘दुसऱ्या’ला तीन पायऱ्या, दु, स, ऱ्या. दिसायला हे सुंदर आहे आणि मराठी माणसाच्या मनातल्या ‘अक्षर’ या शब्दाशी जुळतंही. पण अशी अक्षरं हजारोंनी होतात, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे टाइप करणारा माणूस बहुधा अक्षराच्या मधोमध असतो. ‘कम’ टाइप करून तो क्षणभर थांबतो, काना अजून यायचा असतो. अख्ख्या अक्षरांच्या झाडात म आणि मा या वेगळ्या फांद्या, त्यामुळे ‘कम’ला ‘कमान’ दिसणारच नाही.

याच कारणानं क्ष आणि ज्ञ यांनाही मी स्वतंत्र घर दिलं नाही. वर्णमालेत ते शेवटी येतात, म्हणून त्यांना वेगळं चिन्ह मानून यादीत शेवटी बसवायचा मोह होतो. पण ‘क्षण’ टाइप करताना आधी क येतो, मग पाय मोडतो, मग ष. क्ष वेगळा केला तर पहिल्या दोन कळा दाबेपर्यंत ‘क्षण’ यादीत नसतोच आणि तिसऱ्या कळेला अचानक उगवतो. शोधणाऱ्याला वाटतं, पुस्तक नाही, आणि तो दुसऱ्या कळेलाच सोडून देतो.

तेव्हा पायरीला चिन्ह. मग मराठीला खरोखर किती चिन्हं लागतात ते कागदावर मोजलं. स्वर ११ आणि ॲ, ऑ मिळून १३. क ते म व्यंजनं २५, य ते ह आठ आणि ळ मिळून ३४. ऱ गाळणीत र झालेला आहे. स्वरचिन्हं १२, अर्धचंद्राची दोन धरून. अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडायची खूण मिळून तीन. झाली ६२. शब्द इथे संपला हे सांगणारी खूण ६३वी, कारण ‘कर’ हा स्वतः शब्द आहे आणि ‘करवत’ची सुरुवातही. उरलेलं चौसष्टावं घर मी ‘कॢप्ती’तल्या ॢला दिलं. ते चिन्ह मराठीत त्या एका शब्दापुरतं उरलं आहे, पण तो शब्द शोधणाऱ्यालाही तो मिळाला पाहिजे.

चौसष्ट हा आकडा पाहून मी खुर्चीतून उठलो. आजचा संगणक एका वेळी ६४ बिटांचा एक तुकडा हाताळतो. म्हणजे नोडमध्ये २५६ किंवा १२८ पॉइंटरांची ओळ ठेवायची गरजच नाही. प्रत्येक चिन्हाला एक बिट: त्या चिन्हाचं मूल, म्हणजे खालचा नोड, असेल तर १, नसेल तर ०. आणि जी मुलं खरोखर आहेत त्यांचीच एक आखूड ओळ. ‘कम’ या नोडला चार मुलं आहेत: ल, ळ, काना, दुसरी वेलांटी. चौसष्ट बिटांत चारच एक. काना हवा असेल तर त्याचा बिट पाहायचा; तो १ असला की त्याच्या आधी किती एक आहेत ते मोजायचं. दोन आहेत, म्हणजे ओळीतला तिसरा पॉइंटर. ही मोजणी प्रोसेसर एका आदेशात करतो. त्याला पॉपकाउंट म्हणतात. फिल बॅगवेल यांनी २००१ मध्ये हॅशच्या, म्हणजे मजकुरापासून काढलेल्या आकड्यांच्या, झाडांसाठी हीच युक्ती मांडली होती, ती इथे हातात घातलेल्या मोज्यासारखी बसली.

हिशेब पाहा. नोडला ८ बाइटचा बिटमॅप (तेच चौसष्ट बिट) आणि ८ बाइटचा ओळीचा पत्ता; शिवाय मुलामागे ८ बाइट. आपल्या आठ शब्दांचे १७ नोड आणि १६ फांद्या: २७२ अधिक १२८, म्हणजे ४०० बाइट. शेवटी ठेवलेले मूळ शब्द यात धरलेले नाहीत, ते दोन्ही झाडांना लागतातच. ७३,७२८ वरून ४०० वर.

चिन्हांना नंबर आपणच देत असल्यामुळे आणखी एक जुनी खंत मिटली. चाळीत ळ ५१ नंबरला, ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. सरळ युनिकोडच्या क्रमानं यादी लावली की ‘काळ’ हा ‘कावळा’, ‘काशी’, ‘कासव’ यांच्या आधी येतो, आणि शब्दकोश वापरलेल्या माणसाला ते लगेच खुपतं. मी ळला ह नंतरचा नंबर दिला आणि ॲला अ च्या शेजारी आणलं. झाड डावीकडून उजवीकडे फिरलं की यादी आपसूक मराठी क्रमानं येते, वेगळं सॉर्टिंग करावंच लागत नाही.

एकच मूल असलेल्या पायऱ्या गुंडाळून टाकायची पद्धत डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ मध्ये ‘पॅट्रिशिया’ या नावानं मांडली. आपल्या उदाहरणात तिनं १७ चे १४ नोड होतात, आणि वाचलेले तिन्ही नोड शब्दांच्या शेपटांतले आहेत: ‘करवंद’चा अनुस्वार, ‘करंजी’तला अनुस्वार आणि ज. म्हणून मी शेपटंच गुंडाळली. पुढे एकच शब्द उरला की त्याचा राहिलेला तुकडा तिथेच लिहून ठेवायचा. मधल्या पायऱ्या मात्र मोकळ्या ठेवल्या; त्यांची गरज पुढच्या कामाला होती.

झाडच का

इथवर वाचून कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की चाळीस हजार शब्दांसाठी एवढा खटाटोप कशाला? शब्द क्रमानं लावा, मधोमध कापत शोधा. सोळा तुलनांत शब्द सापडतो आणि सुरुवातीची अक्षरं जुळणारे सगळे शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. खरं आहे. फक्त अचूक शब्दच शोधायचा असता तर मी तेवढ्यावर थांबलो असतो.

पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घ कुणाचं चुकत नाही? आणि इथे तर दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यात भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कवि’ आणि ‘गुरु’ छापलेलं आहे, नंतरच्यांवर ‘कवी’ आणि ‘गुरू’. जुन्या पुस्तकांवर ‘नांव’ आणि ‘पांच’ आहे, नव्यांवर ‘नाव’ आणि ‘पाच’. ग्रंथपालबाईंनी मुखपृष्ठावर जसं छापलंय तसंच नोंदवलं होतं, आणि ते योग्यच होतं. यादी दुरुस्त करणं हा उपाय नव्हे. शोधणाऱ्यानं जुन्या रीतीनं लिहो वा नव्या, त्याला दोन्ही काळची पुस्तकं मिळायला हवीत.

क्रमानं लावलेल्या यादीत यासाठी शब्दाची सगळी संभाव्य रूपं करून एकेक शोधावं लागतं. ‘विद्यार्थिनी’त तीन वेलांट्या आहेत, म्हणजे आठ रूपं. झाडात रूपं करावीच लागत नाहीत. समजा कुणी ‘विद्यार्थीनी’ असं लिहिलं. मुळापासून व वर आलो. पुढे पहिली वेलांटी आहे, दुसरीही आहे, कारण ‘वीज’ आणि ‘वीर’ यादीत आहेत. दोन्हीकडे पाऊल टाकायचं. ‘वी’कडच्या वाटेला द हवा, तिथे तो नाही, वाट मेली. एका पायरीत आठांपैकी चार रूपं संपली. ‘वि’कडून ‘विद्यार्थ’पर्यंत सरळ आलो. पुन्हा दोन वाटा. दीर्घ बाजूला ‘विद्यार्थी’ सापडतो, पण त्यापुढे न नाही. ऱ्हस्व बाजूला न आहे, आणि त्यापुढे दीर्घ वेलांटी आणि शेवटची खूण. सापडली.

अनुस्वारालाही तोच न्याय. चालताना एखाद्या नोडला अनुस्वाराचं मूल असेल तर अक्षर खर्च न करता त्यावरून पुढे जाता येतं. टाइप केलेल्या शब्दात जास्तीचा अनुस्वार असेल तर तो सोडून देता येतो. अशा प्रत्येक सवलतीला एक गुण दंड, आणि दोनपेक्षा जास्त दंड झाला की ती वाट सोडायची. यादी दंडाच्या चढत्या क्रमानं, म्हणजे नेमका शब्द कायम वर. ही मर्यादा मी आधी तीन ठेवली होती, पण तेव्हा चार अक्षरी शब्दांना भलतेच सोबती मिळू लागले.

बाइटच्या झाडात हे किती कठीण गेलं असतं ते मला नंतर लक्षात आलं. चाळीत पहिली वेलांटी ६३ नंबरच्या घरात आहे आणि दुसरी ६४ मध्ये. अगदी शेजारी! पण यूटीएफ-८ची भिंत नेमकी त्या दोघींच्या मधून जाते: ६३ पर्यंत दुसरा बाइट १६४, तिथून पुढे १६५. शेजारणी असून त्या वेगवेगळ्या फांद्यांवर जाऊन पडतात.

नवं झाड बसवलं त्या दिवशी मी स्वतः काउंटरपाशी होतो. आजोबा आले, एका बोटानं ‘दुस’ टाइप केलं आणि ‘ऱ्या’ शोधायच्या आतच महायुद्धाची पुस्तकं खाली आली. त्यांनी तिथे ‘नांव’ लिहून पाहिलं, मग ‘नाव’. दोन्ही वेळा तीच यादी आली, वरचा क्रम तेवढा बदलला. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि पुढचं नाव टाइप करायला घेतलं.

ग्रंथपालबाईंनी त्याच दुपारी पुढचं काम दिलं. ‘पाऊस’ टाइप केलं की ‘पावसा’पासून सुरू होणारी पुस्तकं का दिसत नाहीत? बरोबर आहे, सामान्यरूपात शब्दाचं अंगच बदलतं, ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं, आणि सुरुवातच वेगळी झाली की झाडाची वाट कामाला येत नाही. वेलांटीच्या दंडानं हे सुटणार नाही. सध्या मी ‘पाऊस’च्या शेवटच्या नोडवरून ‘पावस’च्या नोडकडे एक आडवा दुवा हातानं जोडला आहे, आणि असे कोणकोणते दुवे हवेत त्याची वही बाईंनी काउंटरवर ठेवली आहे. वाचक येतात आणि त्यात भर घालतात. कालपर्यंत तिची तीन पानं भरली होती.